इंग्रजी वाक्यातील क्रियापदाची ओळख : मराठी आणि अहिराणी भाषकांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी वाक्यातील क्रियापद कसे ओळखावे, हा प्रश्न वरवर पाहता इंग्रजीच्या अध्यापकाचा वाटतो. मराठी वाङ्मयाच्या नियतकालिकात त्याचा विचार करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर प्रारंभीच दिले पाहिजे. मराठी माध्यमाच्या शाळेतील विद्यार्थ्याला 'क्रियापद' ही संकल्पना मराठीच्या तासाला मिळते आणि तीच घेऊन तो इंग्रजीच्या तासाला बसतो. ती संकल्पना सदोष असेल, तर दोष मराठीच्या तासाचा आणि फळ इंग्रजीच्या तासाला, अशी स्थिती होते.

दुसरे कारण अधिक निकटचे आहे. मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या आणि पुढे संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला समीक्षा, भाषाविज्ञान व लोकसाहित्य या विषयांतील इंग्रजी ग्रंथ वाचावेच लागतात. साक्री, शिरपूर, शिंदखेडा यांसारख्या तालुक्यांतून आलेला विद्यार्थी अशा ग्रंथातील चार ओळींच्या वाक्यापाशी अडतो, तेव्हा अडसर नेहमी शब्दसंग्रहाचाच असतो असे नाही. शब्दकोश हाताशी असतो, प्रत्येक शब्दाचा अर्थही लिहून काढलेला असतो. परंतु वाक्य उलगडत नाही. कारण वाक्याचा कणा कोणता, हे त्याला सापडलेले नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जात आहे. वर्षे वाढली, तरी ही अडचण आपोआप दूर होत नाही. कारण ती अवधीची नसून दृष्टीची आहे. क्रियापद अर्थावरून शोधण्याची सवय सोडून ते रूपावरून शोधण्याची सवय लावली पाहिजे आणि त्यासाठी लागणारी सामग्री मराठी व्याकरणातच आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. अर्थलक्षी व्याख्येची मर्यादा

शाळेत क्रियापदाची व्याख्या साधारणतः अशी सांगितली जाते : क्रिया दाखवून वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा शब्द म्हणजे क्रियापद. या व्याख्येत दोन गोष्टी आहेत. एक क्रियेचा अर्थ आणि दुसरी वाक्याची पूर्णता. विद्यार्थ्याच्या लक्षात पहिलीच राहते. दुसरीचे काम मराठीत स्थानावर भागते. क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्याने शेवटचा शब्द अधोरेखित केला की उत्तर बरोबर येते. अशा रीतीने संकल्पना न कळताही मराठीत गुण मिळतात. इंग्रजीत हे दोन्ही आधार सुटतात.

क्रियेचा अर्थ हा आधार कसा फसवा आहे ते पाहा. 'द रूम कन्टेन्स टू बेंचेस' या वाक्यात कोणी काही करीत नाही; तरी 'कन्टेन्स' हे क्रियापद आहे. 'नो', 'बिलाँग', 'हॅव', 'बी' यांत क्रिया शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. उलट 'द अरायव्हल ऑफ द ट्रेन वॉज लेट' या वाक्यात क्रिया आहे ती 'अरायव्हल' या शब्दात, पण क्रियापद आहे 'वॉज'. विद्यार्थी 'अरायव्हल'खाली रेघ ओढतो. व्याख्या प्रामाणिकपणे पाळल्याचेच हे फळ असते.

आपल्या परंपरेला ही अडचण अपरिचित नाही. यास्काने निरुक्तात आख्यातात भावाचे आणि नामात सत्त्वाचे प्राधान्य सांगितले. परंतु लगेच हेही नमूद केले की, भाव जेव्हा सिद्ध वस्तूप्रमाणे कल्पिला जातो तेव्हा त्याचा निर्देश 'व्रज्या', 'पक्ति' अशा नामांनी होतो. जाणे आणि शिजविणे या क्रियाच, पण शब्द नाम. 'अरायव्हल'ची जात हीच. पाणिनीने तर अर्थाचा आधार बाजूला ठेवून पदाचे सुबन्त आणि तिङन्त असे प्रत्ययांवरून दोन भेद केले. तिङ् प्रत्यय ज्याच्या अंती आहे ते क्रियापद, मग त्यातून धावण्याचा बोध होवो की असण्याचा.

मराठी व्याकरणलेखनाच्या आरंभी, दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा संस्कृत व्याकरणाबरोबर इंग्रजी व्याकरणाचाही नमुना समोर होता. शब्दांच्या जाती अर्थावरून सांगण्याची शालेय पद्धती त्या काळापासून रुळत गेली. परंतु मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११), तसेच पुढील शालेय व्याकरणांतही रूपलक्षी विचाराचा धागा टिकून आहे. ताख्यात, लाख्यात, वाख्यात ही आख्यातांची नावे अर्थावरून नव्हे, प्रत्ययांवरून पडलेली आहेत. त्याचे कारण उघड आहे. 'हा मी आलो' असे घरातून निघण्यापूर्वीच आपण म्हणतो. रूप लाख्याताचे, अर्थ नजीकच्या भविष्याचा. अर्थ बदलता असतो, रूप डोळ्यांना दिसते. इंग्रजी क्रियापद ओळखण्यासाठी याच दृष्टीचा उपयोग करावयाचा आहे.

३. आख्यात आणि धातुसाधित

इंग्रजी वाचताना विद्यार्थ्याची सर्वांत मोठी फसगत धातुसाधितांमुळे होते. पुढील वाक्य घेऊ : 'द बस डिलेड बाय द रेन रीच्ड धुळे ॲट नाइट.' यात 'डिलेड' आणि 'रीच्ड' या दोन्ही शब्दांच्या अंती एकच प्रत्यय आहे. क्रियापद कोणते? पहिले दिसले ते विद्यार्थी उचलतो आणि 'बसला पावसामुळे उशीर झाला' एवढा अर्थ घेऊन थांबतो. मग 'रीच्ड'चे काय करावे हे त्याला कळत नाही.

हेच वाक्य मराठीत ठेवा : 'पावसामुळे उशीर झालेली बस रात्री धुळ्याला पोहोचली.' 'झालेली' हे धातुसाधित विशेषण आणि 'पोहोचली' हे क्रियापद, हे सांगताना कोणताही मराठी विद्यार्थी अडखळत नाही. मराठीने या दोहोंना वेगळी रूपे दिली आहेत. इंग्रजीत ती पुष्कळदा सारखी दिसतात. म्हणजे संकल्पना विद्यार्थ्याजवळ आहे, फक्त इंग्रजीत तिची खूण त्याला ठाऊक नाही. ती खूण अशी : वाक्याचा काळ बदलावा आणि कोणता शब्द बदलतो ते पाहावे. 'द बस डिलेड बाय द रेन रीचेस धुळे ॲट नाइट.' 'रीच्ड'चे 'रीचेस' झाले. 'डिलेड' होते तसेच राहिले. काळाचा भार जो वाहतो ते आख्यात. काळ बदलूनही जे हलत नाही ते धातुसाधित. मराठीतही असेच घडते. 'पोहोचली'चे 'पोहोचते' होईल, 'झालेली' तशीच राहील.

'इंग'कारान्त रूपांनाही हाच न्याय लागू आहे. 'द बॉय सिटिंग अंडर द ट्री इज माय ब्रदर' यात 'सिटिंग' म्हणजे 'बसलेला'. काळ बदलला की 'इज'चे 'वॉज' होते, 'सिटिंग' बदलत नाही. 'ही वॉन्ट्स टू गो' यातील 'टू गो' म्हणजे आपले 'जायला' किंवा 'जाण्यास'. 'वॉन्ट्स'चे 'वॉन्टेड' होईल, 'टू गो' तसेच राहील. 'बसलेला', 'जायला', 'जाऊन' यांना आपण मराठीत वाक्याचे मुख्य क्रियापद म्हणत नाही. मग त्यांच्या इंग्रजी प्रतिरूपांना का म्हणावे, असा प्रश्न वर्गात विचारला की निम्मे काम होते.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. दोन्ही भाषांतील आख्यातांची संख्या जुळेलच असे नाही. 'तो घरी जाऊन जेवला' यात आख्यात एक; 'ही वेन्ट होम अँड एट' यात दोन. भाषांतर हे समजुतीचे साधन आहे, कसोटी नव्हे. कसोटी नेहमी इंग्रजी वाक्यावरच लावली पाहिजे.

४. मराठीत शेवटी, इंग्रजीत आरंभी

क्रियापद अनेक शब्दांचे असते तेव्हा दुसरी अडचण येते. 'हॅज बीन रेड' यात क्रियापद कोणते, असे विचारले तर विद्यार्थी 'रेड' म्हणतो. कारण वाचण्याचा अर्थ त्यात आहे. येथे मराठी आणि इंग्रजी यांच्यातील एका नियमित संबंधाकडे लक्ष वेधावे. 'इज रीडिंग' म्हणजे 'वाचत आहे'. 'मस्ट बी रीडिंग' म्हणजे 'वाचत असला पाहिजे'. 'हॅज बीन रेड' म्हणजे 'वाचला गेला आहे'. मराठी शब्द उलट क्रमाने वाचावेत : आहे, गेला, वाचला, हॅज, बीन, रेड. आरशातील प्रतिमेप्रमाणे क्रम उलटला आहे. मराठीत काळाचे ओझे समूहातील शेवटच्या शब्दावर पडते, इंग्रजीत पहिल्या शब्दावर. 'वाचत आहे'चे 'वाचत होता' करताना शेवटचा शब्द बदलतो. 'इज रीडिंग'चे 'वॉज रीडिंग' करताना पहिला. ही गोष्ट एकदा लक्षात आली की, समूहाचा आरंभ कोठे होतो हे शोधणे सोपे जाते.

'नाही' आणि 'नॉट' यांचीही येथेच गल्लत होते. मराठीत 'नाही' हे विकारी रूप आहे : नाही, नाहीत, नव्हता, नव्हती. 'तो घरी नाही' या वाक्यात क्रियापदाचे काम तेच करते. म्हणून मराठी विद्यार्थी 'नॉट'ला क्रियापद समजतो किंवा 'ही नॉट कम' असे वाक्य रचतो. 'नॉट' कोणत्याही काळात बदलत नाही. अतएव ते आख्यात नव्हे. त्याच्या शेजारी काळ वाहणारा शब्द असलाच पाहिजे. त्याचप्रमाणे 'हा माझा भाऊ' असे क्रियापदावाचून वाक्य मराठीत चालते. इंग्रजीत 'इज' गाळता येत नाही. 'धिस माय ब्रदर' हे वाक्य निष्काळजीपणातून येत नाही, मराठीच्या सवयीतून येते.

प्रयोगाचा फरकही सांगून ठेवावा. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली' या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्मामागे जाते. इंग्रजीत कर्माप्रमाणे क्रियापद कधीच बदलत नाही. ते बदलले तर कर्त्याप्रमाणेच बदलते. म्हणून इंग्रजीत क्रियापदाचा शोध म्हणजे एका परीने कर्त्याचाही शोध असतो.

५. अहिराणीची साक्ष

धुळे परिसरातील अनेक विद्यार्थ्यांची घरची बोली प्रमाण मराठी नसून अहिराणी आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीचा विचार १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात, मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांबरोबर केला आहे. वर्गीकरणाचा वाद येथे बाजूला ठेवू. क्रियारूपांच्या दृष्टीने अहिराणीचे वेगळेपण मात्र अध्यापकाने उपयोगात आणले पाहिजे.

प्रमाण मराठीत 'तो जातो' पण 'ती जाते'. क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. अहिराणीत 'तो जास' आणि 'ती जास' अशी एकच रूपे आहेत. इंग्रजीतही 'ही गोज' आणि 'शी गोज' यांत भेद नाही. वर्तमानकाळी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, ही गोष्ट अहिराणी बोलणाऱ्या मुलाला नवी नाही. त्याहून लक्षणीय म्हणजे या रूपाच्या अंती असलेला 'स'. 'करस', 'जास' यांतील प्रत्यय आणि इंग्रजी 'गोज', 'रन्स' यांतील प्रत्यय यांचा इतिहास भिन्न आहे. परंतु शेवटच्या एका ध्वनीवरून क्रियापद ओळखता येते, हा अनुभव त्या मुलाच्या जिभेवर आधीच आहे. साम्य सांगताना भेदही त्याच वेळी सांगावा. अहिराणीत 'मी करस', 'तू करस', 'तो करस' असे तिन्ही पुरुषी एकवचनात 'स' येतो. इंग्रजीत तो केवळ तृतीयपुरुषी एकवचनात येतो.

काळ दाखविणारा शब्द वेगळा काढण्यासही बोली साहाय्य करते. 'तो शाळामा शे' आणि 'तो शाळामा व्हता' ही दोन वाक्ये फळ्यावर लिहिली की, बदलणारा शब्द मुलाला लगेच दिसतो. त्याखाली 'ही इज इन स्कूल', 'ही वॉज इन स्कूल' लिहावे. 'जाई ऱ्हायना' या जोडरूपात शेवटचे 'ऱ्हायना' आणि 'इज गोइंग'मधील पहिले 'इज' यांची जागा दाखवावी. बोलीला वर्गात असे स्थान मिळाले, तर विद्यार्थ्याची भाषा हा त्याच्या शिक्षणातील दोष न राहता साधन ठरते. जिल्ह्याच्या आदिवासी भागातील पावरी, भिली, कोकणी किंवा मावची बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हीच पद्धत अवलंबिता येईल. त्यासाठी अध्यापकाने मुलांकडूनच दोन काळांतील वाक्ये मागवून घ्यावीत.

धातुविचाराच्या बाबतीत धुळे शहराचा वारसा मोठा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस येथे निधन झाले आणि त्यांच्या कार्यासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्यांनी जमविलेल्या मराठी धातूंचा कोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली याच मंडळाने १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. शब्दाच्या मुळाशी जाताना धातूपासून आरंभ करण्याची ही शिस्त केवळ व्युत्पत्तिशास्त्रापुरती ठेवण्याचे कारण नाही. ती वाक्य वाचतानाही उपयोगी पडते.

६. वर्गातील कसोट्या

वरील विवेचनातून तीन कसोट्या निष्पन्न होतात. त्या याच क्रमाने शिकवाव्यात.

पहिली कसोटी काळाची. वाक्यास 'काल' किंवा 'रोज' या अर्थाचा शब्द जोडून काळ बदलावा. जो शब्द बदलतो तो आख्यात. 'द पांझरा फ्लोज थ्रू धुळे' याचे 'द पांझरा फ्लोड थ्रू धुळे' होते. बदल एकाच जागी दिसतो.

दुसरी कसोटी कर्त्याची. 'पुट', 'कट' अशा धातूंची रूपे दोन्ही काळांत सारखीच असतात, तेव्हा पहिली कसोटी थकते. अशा वेळी 'दे'च्या जागी 'ही' ठेवावा. वर्तमानकाळ असल्यास 'पुट्स' असे रूप पुढे येते. मात्र 'स' दिसला की क्रियापद, असा समज होऊ देऊ नये. 'द फार्मर वॉटर्स द प्लांट्स' या वाक्यात दोन शब्द सकारान्त आहेत. 'वॉटर्स'चे 'वॉटर्ड' होते. 'प्लांट्स'ला या वाक्यात काळ लागत नाही. पाणी हे नाम आणि पाणी देणे ही क्रिया या दोहोंसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मराठीत 'खेळ' हा शब्द 'खेळ रंगला' यात नाम आणि 'तू खेळ' यात क्रियापद असतोच.

तिसरी कसोटी प्रश्नाची. मराठीत 'का' जोडून प्रश्न होतो. वाक्याची घडी मोडत नाही. इंग्रजीत काळ वाहणारा शब्द कर्त्याच्या अलीकडे येतो. 'ही मस्ट गो' याचे 'मस्ट ही गो' होते. 'मस्ट'ला भूतकाळी रूप नसल्याने पहिली कसोटी तेथे चालत नाही, ही चालते. जेथे असा स्वतंत्र शब्द दिसत नाही तेथे 'डू' प्रकट होते. 'द फार्मर ग्रोज कॉटन' याचा प्रश्न 'डज द फार्मर ग्रो कॉटन' असा होतो. 'ग्रोज'मधील 'स' उचलून 'डज'मध्ये गेला आणि मागे केवळ धातू उरला. 'ग्रू'चा प्रश्न 'डिड द फार्मर ग्रो' असाच होईल. काळाचे ओझे एकाच खांद्यावर राहते, हे एकदा पटले की 'डिड ही वेन्ट' ही सार्वत्रिक चूक पाठांतरावाचून सुधारते.

७. दीर्घ वाक्याचे वाचन

पदव्युत्तर विद्यार्थ्याला या कसोट्यांचा उपयोग कसा होतो, ते एका रचलेल्या वाक्यावरून पाहू : 'द पोएट्स हू रोट इन द डायलेक्ट्स ऑफ खानदेश अँड हूज वर्क रिमेन्ड अनपब्लिश्ड फॉर येअर्स आर नाऊ बीइंग रेड इन युनिव्हर्सिटीज.'

क्रियेचा अर्थ सुचविणारे शब्द येथे सहा आहेत : रोट, वर्क, रिमेन्ड, अनपब्लिश्ड, बीइंग, रेड. शिवाय 'आर' आहे, ज्यात विद्यार्थ्याला क्रिया दिसतच नाही. काळाची कसोटी लावली की 'रोट'चे 'राइट', 'रिमेन्ड'चे 'रिमेन्स' आणि 'आर'चे 'वेअर' होते. 'वर्क' येथे नाम आहे. 'अनपब्लिश्ड' हे 'अप्रकाशित' असे विशेषण. 'बीइंग' आणि 'रेड' ही 'आर'च्या मागून येणारी धातुसाधिते. आख्याते तीन, म्हणून वाक्येही तीन. यांपैकी 'हू' आणि 'हूज' यांच्या अंकित असलेली दोन गौण. मुक्त राहिले ते 'आर', म्हणून मुख्य वाक्य त्याचे. आता 'आर'पासून मागे जाऊन कर्ता विचारावा. तो निकटच्या 'येअर्स'मध्ये नाही, आरंभीच्या 'पोएट्स'मध्ये आहे. वाक्याचा कणा हाती आला : 'द पोएट्स आर बीइंग रेड'; कवी वाचले जात आहेत. उरलेले सर्व या कण्याला जोडलेले आहे.

मराठीत हेच वाक्य 'ज्या कवींनी खानदेशच्या बोलींत लेखन केले आणि ज्यांचे लेखन वर्षानुवर्षे अप्रकाशित राहिले, ते आता विद्यापीठांत वाचले जात आहेत' असे होईल. मराठी वाचक शेवटच्या 'आहेत'ची वाट पाहत वाचतो. इंग्रजी वाचकाला कर्ता मिळाल्यावर मध्यंतरीची वळणे ओलांडीत आख्यातापर्यंत पोहोचावे लागते. वाट पाहण्याऐवजी शोध घेणे, हा वाचनाच्या सवयीतील बदल आहे आणि तो सरावाने साधतो.

८. समारोप

क्रियापदाची ओळख हा व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेतील दोन गुणांचा विषय मानला गेल्याने त्याचे महत्त्व झाकले गेले. वास्तविक ती वाक्यार्थाची किल्ली आहे. ती हाती नसलेला विद्यार्थी इंग्रजी ग्रंथाऐवजी मार्गदर्शिकेकडे वळतो, दुसऱ्याने काढलेले सार उतरवून घेतो आणि मूळ ग्रंथाशी त्याची गाठ पडत नाही. संशोधनाच्या दृष्टीने ही हानी गंभीर आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. मराठीच्या अध्यापकाने आख्यात आणि धातुसाधित यांतील भेद प्रत्ययांच्या आधारे पक्का करून द्यावा. केवळ शेवटच्या शब्दावर समाधान मानू नये. इंग्रजीच्या अध्यापकाने तोच भेद, त्याच पारिभाषिक शब्दांत, इंग्रजी वाक्यावर दाखवावा. दोघांनी मिळून बोली, प्रमाण मराठी आणि इंग्रजी यांतील दोन काळांच्या वाक्यांची एक वही विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावी. एकाच संकल्पनेची दोन तासांना दोन नावे ऐकून गोंधळलेल्या विद्यार्थ्याला, ती संकल्पना एकच आहे आणि ती आपल्याला घरच्या बोलीपासून अवगत आहे, एवढे उमगले तरी इंग्रजी वाक्याचे भय पुष्कळ अंशी कमी होईल.